एका माणसापुरती आंबील

“काकू, तुमीबी?” फ्रीजचे दार उघडे धरून दुकानदार शरणबसप्पाने विचारले. “चला, सगळी गल्ली झाली आता. तुमीच तेवढ्या ऱ्हायल्या होत्या.”

“दे एक. अन् दात काढू नको,” शिवकांता म्हणाली.

ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची गार आंबील हे उमरग्यातले उन्हाळ्याचे जेवण. आता ती बाटलीतून मिळत होती. वेष्टनावर एका हसऱ्या आजीचे चित्र होते आणि खाली छापले होते : ‘एका व्यक्तीसाठी’. ज्या समाजाने आपल्या आज्यांना घरात एकटे ठेवले, त्याने त्यांना वेष्टनावर मात्र सन्मानाने बसवले होते.

एका व्यक्तीची आंबील शिवकांताला करता येत नसे. नवरा गेला, लेक दीपमाला पुण्याला गेली, तरी पिठाच्या डब्यात हात जाई तो गल्लीच्या मापानेच. या उन्हाळ्यात मात्र कोणीच भांडे घेऊन आले नाही. काल पातेलेभर आंबील तिने शेजारच्या म्हशीपुढे ओतली होती.

“कशाला गॅसपाशी उभी राहतीस आई? विकत आण की,” दीपमाला फोनवर म्हणाली होती. तिच्या स्वरात काळजी खरी होती. फक्त ती करण्यासाठी आता कोणाला यावे लागत नव्हते.

आंबील झाली की पहिला घोट घेण्याआधी उंबऱ्यावरून हाक द्यायची, ही गल्लीची रीत. विकतच्या आंबिलीला ती लागू होते की नाही, याविषयी शास्त्रे मौन बाळगून आहेत. घरी आलेल्या शिवकांताने बाटली ओट्यावर ठेवली आणि ती सवयीनेच दारात आली.

“आंबील झाली गंऽ! या प्यायला!”

दारे बंद होती. आत कूलर घुरघुरत होते. ती वळणार, तोच कोपऱ्यावरून गोरोबा तांब्या घेऊन आला. तिच्या नवऱ्याचा हा कचेरीतला सोबती हिवाळ्यापासून तेरखेड्याला लेकीकडे होता.

“सकाळच्या गाडीनं आलो, वैनी. म्हणलं, हाक कशी येईना अजून!”

“बसा, भाऊजी.”

त्याचा तांब्या आत नेऊन तिने अख्खी बाटली त्यात रिकामी केली.

“तुमी?” त्याने विचारले.

“म्या मागनं पिते.”

गोरोबाने तांब्या एका दमात संपवला आणि मिशा पुसल्या.

“लेकीकडं बाटलीतली पाजत्यात, वैनी. तोंडात धरवत न्हाय. माणसाचा हात लागतो त्याला, हात!”

शिवकांताने पदर सारखा केला.

“उद्या बी हाक द्या,” उठताना तो म्हणाला.

“देते की.”

तो वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावर तिने दार लोटले. ओट्यापाशी येऊन बाटलीत घोटभर पाणी घातले, ती विसळली, आणि ते पांढुरके पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकले.