प्रमुखसाहेबांचा घाव

आमच्या म्हाताऱ्याचा घाव कधी चुकतच नाही. चाळीस वर्षं काशाच्या थाळ्या ठोकतोय. नाटकात सेनापती रंगमंचावर येतो तेव्हा जी मोठी थाळी वाजते ना, ती. लालभडक थाळी भट्टीतून काढायची, चौघांनी गोल उभं राहून ठोकायची, पाण्यात बुडवायची. आणि गार झाली की मिस्त्रीनं एकट्यानं छोट्या हातोडीनं सूर लावायचा. शेवटचा घाव बसला की कडेला नावाचा ठसा. च्याओ युनथांग. एवढं नाव दिसलं की नाटकवाले थाळी वाजवूनही बघत नाहीत, पिशवीत घालून चालायला लागतात.

हे त्यानं टीव्हीवाल्यांना सांगितलं, तिथवर ठीक होतं. पण कॅमेरा दिसला की म्हाताऱ्याच्या अंगात येतं. छाती काढून म्हणतो कसा, "माझा शेवटचा घाव पडला की संपलं! मग स्वर्गातून बादशहा उतरला तरी तो सूर बदलायचा नाही!"

मी शेजारीच राळ्याची पेज ढवळत होते. म्हटलं, म्हाताऱ्या, जीभ आवर. पण त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि सगळ्या जन्मात मी त्याच्या डावीकडेच उभी राहिलेय.

तिसऱ्या दिवशी सांस्कृतिक कार्यालयातले तेंग साहेब हजर. पायात चकाचक बूट, हातात फाईल.

"अभिनंदन, च्याओ मिस्त्री! तुमची कला आता तालुक्याचा वारसा झाली. शुक्रवारी सोहळा. शेवटचा घाव प्रमुखसाहेब मारणार."

"कोण मारणार?" म्हाताऱ्यानं उजवा कान पुढे केला.

"तालुक्याचे प्रमुखसाहेब. शेवटचा घाव म्हणजे अंतिम निर्णय, हे तुम्हीच सांगितलंत. मग तालुक्यात अंतिम निर्णय कोणाचा? तुमचा?"

आता या माणसाला काय सांगायचं! आमच्याकडे म्हणच आहे, शेवटचा घाव ज्याचा, सूर त्याचा. मिटिंगमध्ये हे साहेब लोक उठता बसता ही म्हण फेकतात. त्यांच्यातल्या एकानं तरी हातोडी धरलीय का कधी?

म्हातारा म्हणाला, "एक जुनी फुटकी थाळी देतो, तिच्यावर मारू दे काय मारायचं ते."

"प्रमुखसाहेब खोटं काम करतील?" तेंग साहेबांना रागच आला. "खरीच थाळी पाहिजे. नवी."

नवी एकच तयार होती. माझ्या धाकट्या भावाची, मानतुनची. तो नाटकमंडळीत थाळी वाजवतो. त्याची जुनी तडकली होती आणि देवळाच्या जत्रेला पंधरा दिवस उरले होते. मानतुन म्हणाला, "दाजी, माझ्या थाळीला हात लावू देऊ नका. तिच्यावर सेनापती येणारेत, साहेब नाही."

"अरे, मी सूर आधीच लावून ठेवतो," म्हातारा म्हणाला. "साहेब नुसती टिचकी मारेल. त्याच्या हातात जोर कुठला?"

शुक्रवारी प्रमुखसाहेब आले. तेंग साहेबांनी लाल रेशमी फीत बांधलेला हातोडा पुढे केला. म्हाताऱ्याची नाजूक हातोडी नाही, भट्टीजवळचा मोठा. का, तर फोटोत नीट दिसतो म्हणून! साहेबांनी तो तोलून बघितला आणि खुशीत म्हणाले, "मी तरुणपणी पोलाद कारखान्यात होतो बरं का."

बाह्या वर केल्या आणि दिला एक, थाळीच्या बरोब्बर मध्यावर.

टाळ्या. म्हाताऱ्यानं काठी उचलली नि थाळी वाजवली.

मोठ्या थाळीचा आवाज कसा पाहिजे? ठोका पडल्यावर खाली उतरत जाणारा. ढँऽऽग. बोलणं संपलं, बसा खाली, असा. आणि ही वाजली, ढँऽऽय? शेवटाला वर चढली. कोणी दारातून डोकावून "आहे का कोणी घरात?" विचारावं तशी.

"कशी झालीय?" साहेबांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, पण तेंग साहेब आधी बोलले. "नव्या युगाचा सूर!"

म्हातारा आपली हातोडी घेऊन पुढे झाला, तर तेंग साहेबांनी त्याचं मनगटच धरलं. कानाशी, तेही डाव्या, कुजबुजले, "डोकं ठिकाणावर आहे का? प्रमुखसाहेबांच्या अंतिम घावावर तुम्ही घाव घालणार? टीव्हीवर काय बोलला होतात?"

म्हाताऱ्याला शब्द ऐकू आला नाही, पण मनगट सुटत नव्हतं एवढं कळलं. तेवढ्यात प्रमुखसाहेबांनी ठशाची छिन्नी उचलून स्वतःच्या हातानं थाळीवर नाव ठोकलं. स्वतःचं नाही हं. आमच्या म्हाताऱ्याचं!

मी ओरडले, "अहो साहेब, ज्यानं बिघडवली त्याचं नाव टाका की!" मला दोन बायांनी बाजूला नेलं आणि वाफवलेला पाव हातात दिला. पाव शिळा होता.

मग जत्रा. प्रमुखसाहेब पहिल्या रांगेत, आणि तीच थाळी वाजवायची असा हुकूम. सेनापती झेंडे फडकवत आला. थाळी म्हणाली, ढँऽऽय? म्हणजे, आपण कोण? लोक हसले. सम्राटानं फर्मान काढलं, "याचं शिर उडवा!" ढँऽऽय? खरंच? नायिका पतीच्या प्रेतावर कोसळली. ढँऽऽय? तेव्हा तर प्रेतच हलायला लागलं हसून. नायिका पडद्याआड येऊन मानतुनला म्हणाली, "मेल्या, मी तिकडे विधवा होतेय आणि तू चौकशा कसल्या करतोस?"

मध्यंतरात साहेबांचं भाषण. दर घोषणेनंतर थाळीचा एक ठोका, असं तेंग साहेबांनी कागदावर लिहूनच दिलं होतं.

"पुढच्या वर्षी गावाचा रस्ता पूर्ण होणार!"

ढँऽऽय?

"नळाला रोज पाणी येणार!"

ढँऽऽय?

अख्खं पटांगण गडाबडा लोळलं. एका म्हातारीचे दात पडले, ते शोधायला दुसऱ्या दोघी खाली बसल्या त्या उठेचनात. साहेब काळेनिळे. "ही थाळी कोणी बनवली?"

तेंग साहेबांनी चष्मा लावला, थाळीची कड वाचली आणि गंभीरपणे म्हणाले, "च्याओ युनथांग. इथे स्पष्ट लिहिलंय, साहेब."

मला सांगा, याला काय म्हणायचं? घाव तुमचा, हातोडा तुमचा, ठसा मारणारा हात तुमचा, आणि नाक कापलं आमचं! त्याच महिन्यात तीन नाटकमंडळ्यांनी ठरवलेल्या थाळ्या नको म्हणून सांगितलं. एकजण म्हणाला, "मिस्त्री, थाळी चांगली असेल हो, पण कडेला ते नाव नको." म्हाताऱ्यानं चार दिवस भट्टी पेटवली नाही. नूडल्सवर व्हिनेगर ओतायचा आणि वाटीकडे बघत बसायचा. त्याच्याइतकं नीट नाव कोणी ठोकत नाही, आणि आता तेच नाव लोकांना नको.

शेवटी मीच त्याला उठवलं. "चल. एका घावाचं काम आहे ना तुझं? मग माग परवानगी."

तर अर्ज करावा लागला. विषय: माननीय प्रमुखसाहेबांच्या अंतिम घावानंतर आणखी एक घाव घालण्याबाबत. सहा आठवडे तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. एकानं विचारलं, नव्या घावाला अंतिम म्हणायचं की अंतिमोत्तर? दुसऱ्यानं विचारलं, पहिला घाव चुकीचा होता असं अर्जदाराला सुचवायचंय का? मी म्हटलं, "सुचवायचं नाही, ठणकावून सांगायचंय." ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

परवानगी आली. एकच घाव, तीन अधिकाऱ्यांसमोर.

म्हाताऱ्यानं थाळी मांडीवर घेतली. बोटांनी चाचपली, उजवा कान टेकवला. बराच वेळ. एक अधिकारी घड्याळ बघायला लागला, त्याच्याकडे मी असं बघितलं की त्यानं बाही खाली ओढली. मग म्हाताऱ्यानं छोटी हातोडी उचलली, कडेपासून चार बोटं आत, एक घाव. टक्.

काठी मानतुननं मारली.

ढँऽऽग.

खाली उतरली. बसा खाली, संपलं. मानतुन रडायलाच लागला. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "ऐकलंस, म्हातारे?" चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझी बाजू बदलून उजवीकडे उभी होते, म्हणून मी "हो" म्हटलेलं त्याला ऐकू आलं.

मानतुन थाळी पिशवीत घालायला लागला, तर तेंग साहेब म्हणाले, "थांबा. वारशाची वस्तू आहे, नोंद करावी लागेल. दोन दिवस प्रदर्शनात ठेवू. गुरुवारी घेऊन जा."

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. थाळी भिंतीवर होती. घसरू नये म्हणून तिच्या मधोमध भोक पाडून नटबोल्ट आवळला होता. नाव सरळ दिसत होतं.