डाव्या बाजूचं तेल

"जगनकाका, डाव्या बाजूला तेल जास्त सोडता तुम्ही," लीगमध्ये खेळणारा दिपेश म्हणाला. "तिसऱ्या गेमला आमची सगळ्यांची वाट लागते आणि तुमची प्रीती एकटी दोनशेच्या वर. दर आठवड्याला कसं काय?"

ठाण्यातल्या एका मॉलच्या बोलिंग हॉलमध्ये जगन अकरा वर्षं लेनवर तेल मारत होता. यंत्र चालवून बॉल धावतो त्या लाकडी लेनवर तेलाचा पातळ थर बसवायचा आणि मॅच सुरू झाली की मागच्या खोलीत अडकलेल्या पिना सोडवायच्या, हे त्याचं काम. मुलगी लीगमध्ये खेळायला लागली, तरी तिचा एकही बॉल त्याने समोर बसून पाहिला नव्हता.

"दिपेशशेठ, तेल दोन्हीकडे सारखंच असतं," तो म्हणाला. "तुम्ही सगळे उजव्या हाताचे. तुमचे बॉल उजवीकडचं तेल पुसत जातात. तिसऱ्या गेमला तिथे लेन कोरडी पडते, मग बॉल लवकर वळतो. डावखुरी ती एकटी. तिच्या बाजूचं तेल पुसणार कोण?"

"उत्तर तयारच ठेवलंय की."

बाकीचे हसले. ते हसणं जगनच्या जिव्हारी लागलं. मॅनेजरने तोडगा काढला, की फायनलला तेल हॉलमधला दुसरा कामगार विकी मारेल, तेही दिपेशच्या देखत.

मानपाड्याला घरी आल्यावर प्रीती म्हणाली, "पप्पा, मी नाव काढून घेते."

"काढलंस तर लबाडी केली असंच धरतील. खेळ तू."

फायनलला विकीने यंत्र चालवलं. दिपेश मोबाइलवर शूटिंग करत शेजारून चालला. जगनला प्रेक्षकांत बसवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. पहिल्या दोन गेममध्ये प्रीती मागे पडली. आज ती हरली, तर जगनवरचा आळ कायमचा चिकटणार होता.

तिसऱ्या गेमला दिपेशचा बॉल मध्येच वळून भलत्याच पिनांवर जाऊ लागला. प्रीतीचा मात्र सरळ जाऊन अगदी शेवटी वळत होता. दोनशे चौदा. एकूण बेरजेत ती नऊ गुणांनी जिंकली.

दिपेशने पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले. मग विकीला बाजूला घेतलं, ते जगनच्या खुर्चीजवळच.

"खरं सांग, काकांनी काय शिकवून ठेवलेलं तुला?"

जगनने ते नीट ऐकलं. समोर प्रीती त्याच्याकडेच बघत होती. तो उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. हॉलमध्ये दुसरं कोणी वाजवत नव्हतं.