परीक्षक क्रमांक दोन

माझा नवरा रांगांचा प्राध्यापक आहे. हे सांगितलं की माझे पेशंट तोंडात आरसा असतानाही हसायचा प्रयत्न करतात, आणि मी दातांची डॉक्टर असल्यामुळे त्यांना पुढे काही विचारता येत नाही. म्हणून इथे नीट सांगते. माणसं एकामागे एक कधीपासून उभी राहायला लागली, मध्ये घुसणाऱ्याला पहिल्यांदा कुणी हटकलं, हा यांचा अभ्यास. विद्यापीठात या विषयाला मान आहे म्हणे. घरात नाही. दुकानात गेलो की हे मुद्दाम लांबलचक रांग पकडतात आणि आपला नंबर आला की हिरमुसतात.

या विषयाचे आणखी एकच जाणकार मला माहीत आहेत, ते म्हणजे लंबू भावोजी. यांचे कॉलेजातले मित्र. दोघांनी मिळून तिकीट खिडक्या, दवाखाने, सरकारी कचेऱ्या अशा सगळ्या रांगा उभं राहून अभ्यासल्या. उभे राहायचे ते खरं तर हेच. भावोजींना एका जागी पाच मिनिटं काढवत नसत. ‘जागा धर रे’ म्हणून ते चहाला सटकायचे, आणि मागच्याने कटकट केली की हे शांतपणे सांगायचे, माझ्यापुढे एक जण आहे, येतोय तो.

मग दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं. शेवटचं पान झालं, आता फक्त मुखपृष्ठ राहिलं, आणि त्यावर नाव आधी कुणाचं यावरून दोघं भांडले. आयुष्यभर रांगांवर विचार केलेली दोन माणसं, पुढे कोण उभं राहणार यावरून. मला वाटलं, आठवडाभरात मिटेल. पण पुस्तक माळ्यावर गेलं, भावोजी बदली घेऊन दुसऱ्या शहरात गेले, आणि घरात त्यांचं नाव निघेनासं झालं. या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली असतील. यांना दुसरा मित्र झाला नाही. मी आहे, पण मला रांगेत उभं राहायचा कंटाळा आहे.

यंदा हे निवृत्त होणार. त्याआधी एका नामांकित त्रैमासिकात आपला एक तरी निबंध यावा, ही यांची जुनी आस. तिथून आजवर नकारच आले होते. या वेळचा विषय होता, रांगेत दुसऱ्याची जागा धरून ठेवण्याचा इतिहास. रांग शिपायाच्या काठीवर टिकत नाही, ती मागच्यापुढच्या अनोळखी माणसांच्या शब्दावर टिकते, असं यांचं म्हणणं. मला ते पटलं, आणि मला यांचं सहसा काही पटत नाही.

त्रैमासिकाचा नियम असा की निबंध कुणी लिहिला हे परीक्षकाला कळता कामा नये, आणि परीक्षक कोण हे लेखकाला. म्हणजे निबंधातून स्वतःचं नाव पुसायचं. इथे आमची पंचाईत झाली, कारण यांनी पानोपानी स्वतःच्याच जुन्या लेखांचा हवाला दिला होता. मग सगळीकडे ‘एक अभ्यासक’ असा बदल झाला. ‘एका अभ्यासकाने फार पूर्वीच दाखवून दिले आहे.’ ‘एका अभ्यासकाचे हे निरीक्षण अत्यंत मार्मिक आहे.’ मी म्हटलं, मार्मिक तरी काढा. नाही काढलं.

दोन-तीन महिन्यांनी संपादिकाबाईंची मेल आली. परीक्षक क्रमांक एकने लिहिलं होतं, विषय चांगला, भाषा तपासावी. परीक्षक क्रमांक दोनने मात्र पानंच्या पानं खरडली होती. हे जेवणाच्या टेबलाशी बसून ती मोठ्याने वाचायला लागले आणि मी भाजी निवडत ऐकत होते. लेखकाला रांगेतल्या माणसांची तोंडं दिसतात, पाय दिसत नाहीत. तासभर उभा राहणारा माणूस पायात काय घालून आला होता हे न सांगता इतिहास कसला लिहिता? तिसऱ्या भागातला दावा कितपत खरा, देव जाणे, आणि तो सांगणार नाही.

हे वाचायचे थांबले. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘देव जाणे, आणि तो सांगणार नाही’ हे वाक्य आमच्या घरात याच टेबलाशी बसून एकच माणूस म्हणायचा, वर आणखी चहा मागायचा.

खाली शेवटची ओळ होती, आणि ती यांनी मनातल्या मनात वाचली. मग मी कागद ओढून घेतला. ‘ज्या एका अभ्यासकाला लेखक डोक्यावर घेऊन नाचतो, तो मला ठाऊक आहे. माणूस बरा आहे, पण हट्टी.’

निबंधाच्या अशा चिंध्या झाल्यावर एरवी यांनी दोन दिवस अन्न टाकलं असतं. त्या दिवशी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी म्हटलं, फोन करा की आता. तर म्हणाले, नियम आहे, परीक्षकाची ओळख लेखकाला नसते. नियम कसला, दोघांच्याही नाकाचा शेंडा आड येत होता. पण कागदावर नाव नव्हतं ना, म्हणून बोलता येत होतं.

यांनी निबंध सुधारला, सोबत परीक्षकांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं पाठवली. परीक्षक दोनचं समाधान झालं नाही. पुन्हा सुधारला. पुन्हा नाही. लेखकाच्या वाक्यांवरून त्याची कंबर दुखत असावी असं वाटतं, त्याने फार वेळ उभं राहू नये, असं एका अभिप्रायात आलं. यांनी औपचारिक भाषेत कळवलं, की लेखकाची कंबर ठीक आहे, मान्यवर परीक्षकांनी गुडघ्यांकडे लक्ष द्यावं. पुढच्या खेपेला उत्तर आलं, की एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, सबब पान नऊवरचा मुद्दा मान्य. यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ऑपरेशन झालं आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही, एवढंच म्हणाले.

मला तर संशय आहे की हे मुद्दाम चुका पेरत होते. एरवी स्वल्पविरामासाठी सकाळ घालवणारा माणूस, त्याने एका ठिकाणी लिहून ठेवलं की रांगेतली माणसं शक्यतो बसलेली असतात. भावोजींनी त्यावर अख्खं पान झोडलं. हे दिवसभर शीळ घालत होते. संपादिकाबाई बिचाऱ्या दर वेळी दिलगिरी व्यक्त करायच्या, परीक्षक जरा कडक आहेत म्हणून.

आणि एका दुपारी मेल आली की निबंध मान्य झाला आहे. माझा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत आहे. पेशंट गेल्यावर मी आत आले तर हे खिडकीशी बसले होते.

“मान्य झाला,” ते म्हणाले.

“मग तोंड का असं पाडलंय?”

“आता तो काही विचारणार नाही.”

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं आणि माणूस रडवेला झाला होता.

संध्याकाळी त्यांनी संपादिकाबाईंना चक्क पत्र लिहिलं, की निबंधात अजून उणिवा आहेत, तरी तो परीक्षक दोनकडे पुन्हा एकदा पाठवावा. बाईंनी उत्तर दिलं की एवढ्या वर्षांत अशी विनंती कुणी केली नव्हती आणि ती मान्य करता येणार नाही. अंक छपाईला जातोय, लेखकाचं नाव असलेलं पहिलं पान तेवढं पाठवा.

पहिलं पान म्हणजे एका ओळीचं काम. हे सकाळपासून त्यापुढे बसले होते. मी डोकावले तर निबंधाच्या नावाखाली भावोजींचं पूर्ण नाव होतं, आणि त्यांच्यामागे यांचं.

“अहो, परीक्षकालाच लेखक केलंत तर ते निबंध छापतील का?”

“नाही छापणार.”

“मग?”

“रांगेतलं सव्वाशे टक्के मी त्याच्याबरोबर शिकलो. आणि बारीकसारीक सगळं आता त्यानेच दुरुस्त केलंय. पुढची जागा त्याची आहे.”

टक्के शंभराला मोजतात हेसुद्धा विसरले होते. त्यांनी ते पान पाठवून दिलं. बाईंची मेल तासाभरात आली, आणि या वेळी दिलगिरी नव्हती. एक तर पहिलं नाव काढा, नाहीतर निबंध रद्द समजा, आणि परीक्षकाचं नाव आपल्याला कसं कळलं याचा दोघांकडूनही खुलासा हवा. यांनी नाव काढलं नाही. निबंध रद्द झाला. मी त्यांना वेडा माणूस म्हटलं, आणि खरं सांगायचं तर लग्नानंतर कधी आवडले नव्हते तितके ते मला त्या दिवशी आवडले.

पुढचे दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना भरलेला, मी एकाची दाढ काढत होते, आणि टेबलावरचा जुना फोन वाजला. तो नंबर अजून बदललेला नाही.

“वहिनी, खुलासा मागणारं पत्र आलंय मला,” पलीकडून आवाज आला. “त्या गाढवाला बोलवा.”

मी हाक मारली. हे बनियनवरच आले आणि भरल्या दवाखान्यात फोन कानाला लावून उभे राहिले. पहिलं मिनिटभर नुसतंच हूं, हूं. मग आवाज चढला. नाव तुझंच आधी. नाही, तुझं. अरे, कल्पना तुझी होती. पण उभा कोण राहिला, तूच ना? बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून ऐकत होते. दोघं पुन्हा त्याच गोष्टीवरून भांडत होते, फक्त या खेपेला उलट बाजूंनी.

मी दाढ काढून हात धुऊन बाहेर आले तर भांडण थांबलं होतं. हे फोन कानाला लावून गप्प उभे होते. मला वाटलं, पुन्हा बिनसलं. मी खुणेनेच विचारलं. यांनी फोनवर हात ठेवला.

“चहा आणायला गेलाय आत. ठेवू नकोस म्हणाला.”

माझ्या टेबलाशीच उभे असल्यामुळे नुकत्याच आलेल्या एका बाईंना वाटलं, नंबर लावायची रांग तिथूनच आहे. त्या गाल धरून यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, काका, तुम्ही रांगेत आहात का?

“हो,” हे म्हणाले. “माझ्यापुढे एक जण आहे. येतोय तो.”