पंचशीलनगरावरची रेघ

प्रभागांचा प्रारूप नकाशा जाहीर झाला त्या रविवारी संघमित्राने तो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि ती चप्पल न घालताच बाहेर धावली.

शिरवण्याजवळच्या त्यांच्या पंचशीलनगरातून नाला वाहायचा. प्रभागाची सीमा नेमकी नाल्यावरून गेली होती.

"पोपटकाका, आपले दोन तुकडे झालेत!"

पोपटकाका वस्तीतले जुने कार्यकर्ते. वीस वर्षं त्यांना नगरसेवक व्हायचं होतं, आणि हे कुणापासून लपलेलं नव्हतं. "मंग? मतं तितकीच राहनार ना?"

"टक्का पडतो, काका! अनुसूचित जातीचा टक्का जिथे जास्त, तिथे राखीव जागा. आपण दोन्हीकडे थोडे थोडे, म्हणजे कुठेच नाही."

काकांनी आपल्या दुकानाचं शटर धाडकन खाली ओढलं.

हरकत घ्यायला चारच दिवस होते. ऐरोलीच्या ऑफिसातून सुटली की संघमित्रा काकांबरोबर दारोदार सह्या गोळा करायची. सुनावणीला उभी राहिली तेव्हा पहिल्या वाक्याला तिचा आवाज कापला, पुढे सुटला तो सुटलाच. "साहेब, नाल्यावर तीन पूल आहेत. शाळा अलीकडे, पाण्याची टाकी पलीकडे. आम्ही एकच वस्ती आहोत. सीमा मोठ्या रस्त्यावरून न्या."

अंतिम नकाशात रेघ रस्त्यावर सरकली. वस्तीत ढोल वाजले.

आरक्षणाच्या सोडतीच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. त्यांच्या प्रभागातली एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव झाली. आता सर्वसाधारण की महिला, हे चिठ्ठीवर होतं. काकांनी मुठी आवळल्या. चिठ्ठी उघडली.

"महिला!"

काका मटकन खाली बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनींना उभं करा ना."

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "रेघ कुनी हलवली? हिनं! हीच उभी राहनार!"

"मी? काका, माझं ऑफिस..."

"रजा टाक!"

तिला हसू फुटलं. "टाकते," ती म्हणाली.

संघमित्रा तीनशे अठरा मतांनी निवडून आली. गुलालाने माखलेले पोपटकाका तिचं नाव पुकारत सगळ्यात पुढे नाचत होते, आणि त्यांच्या बसलेल्या घशातून नुसती हवा येत होती.