तांडेल, नग एक

"खाली उतरायचं नाही," बंदरावरचा कारकून धक्क्यावरून ओरडला. "तुम्ही माल आहात."

काशिराम तांडेलाचा एक पाय यॉटवर, दुसरा धक्क्याच्या पायरीवर. "कोन, मी?"

"दीवहून निघताना फिरंग्यांनी दिलेला कागद सांगतोय. नांगर, नग एक. शिडं, नग दोन. स्टोव्ह, नग एक. तांडेल, नग एक." कारकुनाने चष्मा सावरला. "नवा की वापरलेला, ते लिहिलेलं नाही. त्याची वेगळी चौकशी होईल."

काशिरामाच्या डोक्यात तिडीक गेली. आज त्याच्या पोरीचं, शांतीचं लग्न. इथून हाकेवर कोळीवाडा, वाजंत्री कानावर येत होती, आणि हा बाबा नग मोजतोय!

खरं तर तो आठ दिवस आधीच पोचायचा. भातगिरणीवाल्या भगवानशेठना शौक सुटला, यॉट घेऊन फिरंग्यांचं दीव बेट बघून यायचं. सुकाणू अर्थात काशिरामाच्या हातात. दीवच्या बंदरात शिरायला लागला एक दिवस, निघायला नऊ. तिथल्या डॉक्टरच्या फॉर्मवर 'मारलेले उंदीर किती' असा रकाना होता आणि तो रिकामा चालत नव्हता. यॉट कोरी करकरीत, उंदीर कुठला! शेवटी काशिरामानेच धक्क्यावरून एक धरून आणला, यॉटवर मारला, तेव्हा दाखला मिळाला. मग खलाशांचे फॉर्म संपले. तिथल्या कारकुनाने जांभई देत काशिरामाला मालाच्या यादीत, स्टोव्हच्या खाली लिहून टाकलं.

"शेठ, सांगा ना याला, मी मानूस हाय!"

भगवानशेठ छत्री उघडत म्हणाले, "काशिराम, कागद खोटा म्हटला तर माझी यॉट अडकेल रे. अलिबागेहून साहेब येतील बुधवारी. तोवर जरा माल म्हणून राहा." आणि शेठ आंघोळीला घरी गेले.

तेवढ्यात त्याची बायको भामा नव्या लुगड्यात धावत आली. "अवो, मुहूर्त टळतोय! तिथं काय उभे?"

"मी माल हाय, भामे."

"कसला मेला माल?"

"बाई, अर्ज करा," कारकून म्हणाला. "मालाचा उपयोग काय, ते लिहायचं."

"उपयोग? पोरीचा बाप हाय तो!"

"तसा रकाना नाही."

भामाने त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग नवऱ्याकडे वळली. "मारा उडी! काय करतंय बघू हे मुडदं!"

"उतरलेला माल चोरटा," कारकून शांतपणे म्हणाला. "पोलीस मांडवातूनसुद्धा उचलतील."

काशिरामाने उचललेला पाय मागे घेतला. व्याह्यांसमोर, अक्षता हातात असताना पोलीस? त्याने फळीवर अशी मूठ हाणली की कातडं सोललं.

"जा तू," तो म्हणाला. "माझ्या भावाला, दाजीला सांग, कन्यादान तू कर. पोरीचा सख्खा काका हाय."

भामा डोळे पुसत गेली. थोड्या वेळाने वाजंत्री एकदम जोरात वाजली, आणि थांबली. काशिराम स्टोव्हशेजारी बसून राहिला.

दुपारी ओहोटी लागली, तसा वऱ्हाडाचा मचवा उरणकडे निघाला. व्याह्यांचा तांडेल नवखा, त्याला ही खाडी ठाऊक नाही. मचवा सरळ गाळाच्या उंचवट्यावर चालला. काशिराम ताडकन उठला.

"उजव्या अंगाला घे रं! तिथं गाळ हाय!"

"आवाज नको," कारकून म्हणाला. "तुम्ही ताब्यात आहात."

"तू गप रं!"

मचवा वळला, यॉटच्या अगदी जवळून आला. शांती उभी राहिली, मुंडावळ्या बाजूला सारून.

"आबा!"

"बस खाली, मचवा कलंडंल!" काशिराम ओरडला. मग तांडेलाला, "आता सरळ! खुंटाच्या आतून काढ! सोड शीड!"

शांती काहीतरी म्हणत होती. वाऱ्याने ते त्याच्यापर्यंत आलं नाही. मचवा वळणाआड गेला, शिडाचं टोकही दिसेनासं झालं. काशिराम मात्र तोंडाशी हात धरून पुढच्या वळणावर पाणी किती आहे ते सांगत होता.