पाटी सरळ करायला गेली तेव्हा

"किल्ली कमरेला लावत जा गं पोरी. तुमचं ते दार आपोआप लागतंय. एखाद्या दिवशी दगा दील."

दुसऱ्या मजल्यावरच्या गहिनीनाथबाबांनी जिन्यात थांबवून हे सांगितलं, तेव्हा सिल्व्हिया "हो, हो" म्हणाली आणि एंजेलाला दुसऱ्या कडेवर घेऊन वर निघून गेली. संध्याकाळी नवऱ्याला, जेम्सला म्हणाली, "त्यांना आपल्या दाराची एवढी माहिती कशी? सारखे जिन्यात उभे असतात."

"एकटा माणूस आहे. जिना हाच त्यांचा टीव्ही," जेम्स हसला.

सिल्व्हियाला हसू आलं नाही. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली ती बाई झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे अजून बोट धरून पाहायची. भिंगारच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून तिला कुठे जरा निर्धास्त वाटू लागलं होतं. खिडक्यांना जाळ्या होत्या, दाराला भक्कम लॅच होता. आता बाहेरचं काही आत येणार नाही!

चर्चमधला उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला होता. त्या दिवशी वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं, ऊस असं मांडतात आणि ज्याचं वर्षभरात भलं झालं तो उभा राहून साक्ष देतो. यंदा सिल्व्हिया साक्ष देणार होती, फ्लॅटबद्दल.

गुरुवारी जेम्स कामावर गेल्यावर तिने गॅसवर दूध ठेवलं. मनात साक्षीची वाक्यं घोकणं चालूच होतं. दार उघडून पाहिलं, तर बाहेर लावलेली बायबलमधल्या वचनाची नवी पाटी तिला जराशी तिरकी वाटली. ती बाहेर आली, पाटी सरळ केली आणि नीट दिसते का ते बघायला दोन पावलं मागे सरकली.

खट्!

किल्ली आत, मोबाईल आत, दूध आत. आणि दीड वर्षाची एंजेला आत.

"मम्मा?"

सिल्व्हियाने समोरची बेल वाजवली, मग शेजारची. सगळे कामावर गेलेले. राहायला येऊन आठ महिने झाले होते, पण त्या दारांमागच्या एकाचंही नाव तिला ठाऊक नव्हतं. इमारतीत एकच नाव माहीत होतं, तेही न विचारता सांगितलं गेलेलं.

"गहिनीनाथबाबा! ओ बाबा!"

बाबा बनियनवरच धापा टाकत वर आले. दार, पोरीचं रडणं आणि सिल्व्हियाचा चेहरा, एवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

"गॅसवर काय हाय?"

"दूध."

"मग पोरीला दाराशीच धरून ठेव. सैपाकघराकडं जाऊ द्यायची न्हाई. गानं म्हन, काय बी कर. मी आलोच."

दूध उतू जाऊन ज्योत विझली तर पुढे काय होतं, हे सिल्व्हियाला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती फरशीवर बसली आणि संडे स्कूलचं टाळ्यांचं गाणं म्हणू लागली. आवाज फाटत होता. आतून इवले तळवे दारावर आपटत होते. ते मधेच थांबले की तिचाही श्वास थांबायचा. "एंजू, टाळी! मम्माला टाळी!"

बाबा कात्री आणि पाण्याची रिकामी बाटली घेऊन आले. बाटलीची लांब पट्टी कापून त्यांनी ती दाराच्या फटीत सरकवली.

"दार तुझ्याकडं वढ. आता ढिलं सोड. तीस वर्सं वर्कशॉपात दारंच बसवली मी. हे लॅच दिसाया साहेब, पर अक्कल बारकी." मग वर न बघताच म्हणाले, "पाटी मातर लई सरळ बसवलीस हां."

त्या अवस्थेतही सिल्व्हिया रडता रडता हसली. दार उघडलं.

गॅसचा वास दारापर्यंत आला होता. तिने लेकीला उचलून जिन्यात नेलं. बाबांनी आत जाऊन शेगडी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या. "बटनाला हात लावू नगं," एवढं बजावून ते पायरीवर बसले.

"बाबा, आमच्या दाराचं तुम्हाला कसं कळलं होतं?" तिने विचारलं.

"रोज ऐकतो की खट् खट्. लेक-सून पुन्यात. ह्या जिन्यात दिवसा तुमचाच तेवढा आवाज. पोरगी हसली का मला बरं वाटतं."

याच माणसाचा आपल्याला संशय यायचा, या विचाराने सिल्व्हियाची मान खाली गेली.

रविवारी ती साक्षीला उभी राहिली. घोकलेलं एकही वाक्य तिने म्हटलं नाही. "फ्लॅट चांगला आहे," ती म्हणाली, "पण माझी लेक आज माझ्याजवळ आहे ती खालच्या बाबांमुळे. देवाने माणूस दिला होता, मीच आठ महिने दार लावून बसले होते." एवढं बोलून ती खाली बसली.

चर्चमधून आणलेला भोपळा तिने तसाच बाबांकडे नेला.

"एवढा मी येकटा कसा खाऊ गं?"

"एकटे कशाला? आम्ही तिघं जेवायला आलोय."

त्या दुपारी भोपळ्याची भाजी तिखटजाळ झाली. एंजेलाने बाबांच्या ताटातली भाकरी पळवली आणि बाबांनी तिला चोर ठरवलं. इतकं पोटभर सुख वरच्या आपल्या नव्या ट्रॉल्यांच्या स्वयंपाकघरात सिल्व्हियाला एकदाही मिळालं नव्हतं.

सध्या ती आईच्या आजारपणासाठी नेवाशाला आहे, जेम्सची दिवसपाळी आहे आणि दोन दिवस झाले, बाबा फोन उचलत नाहीत. जेम्स रात्री परततो तेव्हा त्यांचं दार बंद असतं; तो म्हणतो ते ठीक असतील, पण सिल्व्हियाला राहवत नाही. म्हणून तिने ही गोष्ट वाचणाऱ्या तुम्हाला निरोप दिलाय: आमच्या इमारतीच्या बाजूला जाणार असाल तर दुपारी जरा वर डोकावून या. दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल बंद आहे, हातानेच वाजवा. आणि लगेच माघारी फिरू नका. त्यांना उठायला वेळ लागतो.