काजळीचा वंश

कामशेतच्या बाजारपेठेच्या पलीकडे, रुळांना लागून फकरुद्दीनचं घर होतं. राहायला दोनच खोल्या, पण मागचा गोठा ऐसपैस. त्या गोठ्यात शेळ्या आणि कुत्री एकत्र वाढत. नवखा माणूस ते बघून हसायचा. एकदा का डोंगरात त्याच्या शेरडामागं बिबट्या लागला, की तोच माणूस फकरुद्दीनकडे पिल्लू मागायला यायचा.

पहिल्या महायुद्धात फकरुद्दीन लष्कराच्या खेचरांच्या दवाखान्यात होता. बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. तिथून येताना त्यानं आणलं काय, तर एक वेड. जनावर आईबापांकडून काय घेऊन येतं आणि लहानपणी त्याला काय शिकवावं लागतं, याचा तो सारखा विचार करी. पवनेच्या खोऱ्यात गावठी कुत्री भुंकायची खूप, पण बिबट्या समोर आला की घरात पळायची. फकरुद्दीनला हवं होतं ते न बांधताही कळपापाशी थांबणारं कुत्रं.

काजळी त्याला एका धनगराकडून मिळाली. रंगानं काळी, अंगानं सडसडीत, भुंकणं जवळजवळ नाहीच. कळप आणि झाडी यांच्या मधे जाऊन ती नुसती उभी राहायची. तिनं एकदा बिबट्याला असं उभं राहून परतवून लावलेलं फकरुद्दीननं डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन त्यानं बायकोला ते दोनदा सांगितलं.

त्याची बायको मेहरुन. पिल्लांचं सगळं तिच्याकडे होतं. डोळे उघडायच्या आधीपासून ती एकेक पिल्लू रोज हातात घ्यायची, पंजे चोळायची, थोडा वेळ गार फरशीवर ठेवायची आणि परत आईच्या उबेला सोडायची. डोळे उघडले की पिल्लांचा मुक्काम करडांमध्ये. करडांच्या अंगाला अंग लावून ती झोपायची, त्यामुळे शेळी ही आपलीच, असं त्यांच्या मनात बसायचं. मागून आगगाडी धडधडत गेली की मेहरुन नेमकी तेव्हाच दुधाची थाळी पुढं करायची. तिच्या हातची पिल्लं आवाजाला बिचकत नसत. नवरा-बायकोला मूल नव्हतं. त्याबद्दल घरात बोलणं होत नसे.

काजळीची पहिली वीण टाकव्याच्या एका कुत्र्यापासून झाली होती. पिल्लं चांगली निघाली, पण फकरुद्दीनचं समाधान झालं नाही.

"यांच्यात काजळी अर्धीच उतरलीय," तो म्हणाला. "मला आख्खी पायजे."

म्हणून पुढं त्यानं काजळीची जोड तिच्याच त्या विणीतल्या पोराशी, वाघ्याशी लावली. मेहरुनला ते रुचलं नव्हतं, पण पिल्लं जन्मली आणि ती विसरली. काय पिल्लं होती ती. तशीच काळी, तशीच मुकी. दोन महिन्यांची झाली तेव्हा करडांच्या पुढं जाऊन उभी राहायला लागली. खोऱ्यात वाड्यावस्त्यांवर ती गेली, तेव्हा प्रत्येकाला निरोप देताना मेहरुननं त्याचे पंजे एकदा चोळले. एक मादी तेवढी तिनं हट्टानं ठेवून घेतली. तिच्या छातीवर पांढरा ठिपका होता, म्हणून तिचं नाव चांदी.

पावसाळा संपता संपता तिकोणा पेठेची नंदाबाई आली. बाजाराचा दिवस होता. डोक्यावरची पाटी उतरवून ती ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि मग म्हणाली, "फकरुभाऊ, तुमी दिलेलं कुत्रं हिरीत पडून मेलं."

"कसं?"

"दिवसा लय गुणाचं. पर दिवेलागण झाली की भिताडाला धडकायचं. आमाला वाटलं, खोड्या करतंय. परवा सांजच्याला शेरडामागनं येताना सरळ हिरीत गेलं. कठड्यापाशी थांबलंबी न्हाई." नंदाबाईनं पदरानं डोळे पुसले. "माज्या नातवंडागत होतं वो."

त्या संध्याकाळी अंधारून आल्यावर फकरुद्दीननं गोठ्याच्या दारात एक टोपली पालथी घातली आणि चांदीला हाक मारली. चांदी धावत आली आणि टोपलीवर आपटली. उठली, शेपूट हलवत पुन्हा निघाली आणि दाराच्या चौकटीवर आदळली. मेहरुननं तिला उचलून घेतलं. चांदीचे डोळे उघडे होते, स्वच्छ होते, कंदिलाच्या उजेडात हिरवे चमकत होते.

लोणावळ्याला मारुतराव नावाचे गुरांचे डॉक्टर नोकरीतून निवृत्त होऊन राहिले होते. दोघं चांदीला घेऊन त्यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी डोळे तपासले, घराण्याची सगळी माहिती विचारली आणि वाघ्याचं नाव आल्यावर मान हलवली.

"हा आजार रक्तातून येतो," ते म्हणाले. "असं समजा, प्रत्येक पिल्लाला आईकडून एक वाटा मिळतो आणि बापाकडून एक. दोन्हींतला एक जरी चांगला असला तरी कुत्र्याला दिसतं. दोन्ही वाईट आले, तर आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचंही. काजळीत एक वाटा वाईट आहे. वाघ्यात तोच उतरला. तुम्ही आईची आणि पोराची जोड लावलीत, मग काही पिल्लांना दोन्ही वाईट मिळाले."

"पर काजळीला चांगलं दिसतं की, डॉक्टरसाहेब," फकरुद्दीन म्हणाला.

"दिसतं. म्हणून तर कुणाला कळलं नाही."

"म्हणजे तिचं रक्तच नासकं म्हणायचं?"

"नासकं कशाला? असा एखादा लपलेला वाटा तुमच्यात असेल, माझ्यातही असेल. पण काजळीला आणि वाघ्याला आता वंश वाढवू देऊ नका."

परतीच्या वाटेवर मेहरुननं विचारलं, "मग काजळीचं काहीच राहायचं न्हाई?"

तोच प्रश्न फकरुद्दीननंही डॉक्टरांना विचारला होता, ती चांदीला पाणी पाजायला बाहेर गेली तेव्हा. डॉक्टरांचं उत्तर त्यानं आता तिला सांगितलं: पहिल्या विणीतल्या पोरांचा बाप परका होता. त्यांतल्या निम्म्यांना आईचा चांगला वाटा मिळाला असणार. कुणाला, हे वरून कळत नाही. एकच उपाय होता. त्या प्रत्येक कुत्र्याची जोड चांदीशी लावायची. चांदीकडे द्यायला वाईटच वाटा आहे. पिल्लांत एक जरी आंधळं निघालं, तर बापात दोष आहे. सगळी डोळस निघाली, पुन्हा एकदा तशीच निघाली, तर बाप स्वच्छ.

"वर्षं जातील," फकरुद्दीन म्हणाला. "आणि आंधळी पिल्लं आपल्यालाच सांभाळावी लागतील. सांभाळशील?"

"सांभाळीन," मेहरुन म्हणाली.

पहिलं काम म्हणजे दिलेली पिल्लं परत आणणं. फकरुद्दीन गावोगाव हिंडला. काही जणांनी शिव्या दिल्या, काही जणांनी कुत्रं द्यायला नकार दिला. जी आंधळी होत होती ती घरी आली. काजळी माजावर आली की तिला आतल्या खोलीत कोंडावं लागे. ती दार खरवडायची, रडायची. एरवी तोंडातून आवाज न काढणारी ती कुत्री. मेहरुन दाराला पाठ लावून बाहेर बसून राहायची. माझी काय चूक झाली, असंच ती कुत्री विचारतेय, असं तिला वाटे.

चांदी वयात आल्यावर पहिली पारख झाली ती पहिल्या विणीतल्या भुऱ्याची. पिल्लं तीन-चार महिन्यांची झाली तसं मेहरुननं रोज संध्याकाळी अंगणात टोपल्या, लाकडं, पालथे हंडे मांडून ठेवले आणि पलीकडून दुधाची थाळी वाजवली. दोन पिल्लं हंड्यांवर धडकली. भुऱ्या बाद झाला. काजळी त्याच हिवाळ्यात म्हातारपणानं गेली. शेळ्या आत यायच्या वेळी ती गोठ्याच्या दारात आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही. फकरुद्दीननं तिला परसात पुरलं. त्यानंतर कित्येक दिवस शेळ्या दारापाशी येऊन थबकायच्या. मेहरुनही थबकायची.

आता पहिल्या विणीतला हिरा तेवढा उरला होता, टाकवे बुद्रुकच्या कोंडाजीकडे. त्याला आणायचं ठरलं, आणि फकरुद्दीन हिवतापानं पडला. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी शेवटी त्याला फार बोलवत नव्हतं.

"मला एकदा बघायचं होतं," तो म्हणाला. "चांगल्या डोळ्यांची. तिच्या रक्ताची."

"बघाल की."

"तू बघ," तो म्हणाला.

फकरुद्दीन गेल्यावर त्याचा भाऊ चाँदभाई तिला न्यायला आला. या आंधळ्या कुत्र्यांचं एकटी काय करणार, असं त्याचं म्हणणं. भला माणूस होता, मनापासून म्हणत होता. मेहरुननं त्याला जेवू घातलं आणि येत नाही म्हणून सांगितलं. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर ती चालत टाकव्याला गेली.

कोंडाजी ओट्यावर वाखाचा दोर वळत बसला होता. म्हातारा, तुटक बोलायचा. हिरा त्याच्या पायाशी पडून होता.

"हिऱ्याला न्यायला आलाव व्हय?"

"थोड्या दिसांसाठी, आबा. परत आणून देईन."

"आन तुमी म्हनला ह्यो खोटा हाय, मग?"

"तरी तुमचा तुमच्याकडंच राहील. त्याला कमी दिसायचं न्हाई काही. फक्त त्याची पिल्लं नकोत."

कोंडाजीनं वाख बाजूला ठेवला. "भाऊनं मला ह्यो दिला तवा येवढुसा व्हता. माज्या धोतरात मुतला. भाऊ हसला, म्हनला, आबा, आता ह्यो तुमचा." त्यानं हिऱ्याच्या पाठीवर हात फिरवला. "भाऊ नसताना तुमी कशापायी यवढा जीव काढताव?"

मेहरुनला फकरुद्दीनची आठवण नाही असा दिवस जात नव्हता, आणि कुत्र्यांच्या कामात असताना ती आठवण सोसवत होती. पण हे कोंडाजीला कसं सांगायचं. ती म्हणाली, "अर्धं राहिलंय, आबा."

"न्या," कोंडाजी म्हणाला.

चांदी तोवर दिवसाही आंधळी झाली होती, पण गोठ्याचा कोपरान् कोपरा तिला वासानं पाठ होता. हिऱ्यापासून ती व्याली तेव्हा मेहरुन तिच्या शेजारीच बसून होती. पिल्लं चोळली, फरशीवर ठेवली, आईला लावली, पुढं करडांत सोडली. सगळं पहिल्यासारखंच, फक्त थाळी वाजवताना पलीकडे उभं राहून बघणारं कुणी नव्हतं. पिल्लं मोठी झाली तशी संध्याकाळच्या वेळी अंगणात हंडे मांडले गेले. पहिलं पिल्लू हंड्याला वळसा घालून आलं. दुसरं टोपलीवरून उडी मारून आलं. सगळी आली. मेहरुन रोज मांडामांड बदलायची, आणखी अंधारात बघायची, आणि पिल्लं रोज सरळ तिच्यापर्यंत यायची. दुसऱ्या विणीतही तेच झालं.

मारुतराव स्वतः लोणावळ्याहून आले. पिल्लांचे डोळे बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"हिरा स्वच्छ आहे, मेहरुनबाई. शंभर टक्के कुणी सांगणार नाही, पण मी माझ्या घरचं कुत्रं त्याच्या वंशातलं ठेवीन. ही पिल्लं मात्र पुढं वाढवायची नाहीत. यांना दिसतं, पण चांदीचा वाटा प्रत्येकात आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. ती उठून आत गेली. फकरुद्दीनचा कोट खुंटीला होता तसाच होता. त्याला हात लावून ती जरा वेळ उभी राहिली, मग चहा टाकला.

पुढच्या साली हिऱ्याची जोड एका निरोगी, परक्या कुत्रीशी लागली. त्या विणीवर मेहरुनचं सगळं लक्ष होतं. काजळीच्या रक्ताची, चांगल्या डोळ्यांची आणि पुढं वाढवता येतील अशी ती पहिली पिल्लं. ती त्यांच्यात काजळीला शोधत होती. एक काळं होतं, पण भारी भुंकायचं. एक तांबूस मादी कळपाच्या पुढं न राहता सारखी भोवती फिरायची. चांगली होती, धीट होती, करडांना सोडत नव्हती. पण गप्प उभं राहणारं त्यात एकही नव्हतं. मेहरुन मनाला समजावायची, पुढच्या पिढीत येईल, त्याच्या पुढच्या पिढीत येईल. आपल्याला किती पिढ्या बघायला मिळतील, हा विचार आला की ती हातातलं काम भरभर करू लागायची.

तांबूस मादी तिनं नंदाबाईसाठी ठेवली होती. पावसाळा उलटल्यावर ती स्वतःच तिला घेऊन तिकोणा पेठेला गेली. गडाखालच्या माळावर नंदाबाईची शेरडं चरत होती. नंदाबाईनं पिल्लाला जवळ घेतलं, त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"दिसतं न्हवं हिला?"

"दिसतं. अंधारातबी."

"आन हिच्या पोरांना?"

"त्यांनाबी दिसंल. फक्त जोड मला इचारून लावा."

नंदाबाईनं मान डोलावली. "भाऊ असाया पायजे व्हते."

"व्हय," मेहरुन म्हणाली.

तिला भाकरी खाऊन जायचा आग्रह झाला. ती थोडी खाऊन उठली. ऊन कलतीला लागलं होतं आणि शेरडं माळावरून वर सरकत होती. पिल्लू नंदाबाईच्या पायाशी वास घेत होतं. मग त्यानं कान टवकारले, कळपाकडे पाहिलं आणि पळत सुटलं. एका करडाच्या अंगाला अंग घासून ते कळपाभोवती फिरू लागलं, भुंकत, पुन्हा फिरत, हळूहळू वर.

मेहरुन वाटेवर थांबली. एकदा तरी ते मागं वळून बघेल, असं तिला वाटत होतं. इतके महिने तिनं त्याला हेच शिकवलं होतं, की माणसाकडे नाही, शेरडांकडे बघायचं. कळप टेकाडाआड जाईपर्यंत ती तिथंच उभी होती. भुंकणं ऐकू येईनासं झाल्यावर तिनं पदर खोचला आणि कामशेतच्या वाटेला लागली. घरी चांदी होती, आणि दिवे लागायच्या आत तिला थाळी वाढायची होती.